फिक्श्चरचं कपाळ

"लेथला थोरली म्हणायचं, ड्रिलिंगला मधली, आणि ही काचेच्या दाराची धाकटी," असं मला समजावत सासूबाई एकेका यंत्राला कुंकू लावत चालल्या होत्या, आणि मी पेढ्यांचा बॉक्स धरून त्यांच्या मागे.

खंडेनवमीची सकाळ होती. त्या दिवशी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकही यंत्र फिरत नाही. गल्लीतल्या सगळ्या शेडांना झेंडूच्या माळा लागलेल्या, आणि ऑइलच्या नेहमीच्या वासावर उदबत्तीचा वास चढलेला. आमच्या पोवार टूल्समध्ये ही पूजा आईंची, म्हणजे सासूबाईंची. वर्षाचे बाकीचे दिवस त्या शेडमध्ये पाऊल टाकत नसत. पदर सांभाळत लोखंडाच्या किसात कुणी फिरायचं नाही, हा आप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा नियम होता. त्यामुळे त्या एका दिवशी आई ठेवणीतलं लुगडं नेसून यायच्या, प्रत्येक यंत्राची विचारपूस करायच्या आणि कुंकू लावताना हात जराही आखडता घ्यायच्या नाहीत. पाण्यात कालवलेलं कुंकू, वर अक्षता, वर फूल.

"आणि हे तुझं व्हय?" शेवटी त्या धाकटीच्या टेबलापाशी थांबल्या. तिथं माझं फिक्श्चर बसवलेलं होतं. "एवढंसं? त्या पडद्यावर तर केवढं दिसत होतं."

मी नाशिकची. कोल्हापुरातल्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असं बोलतात याची सवय व्हायला मला वर्ष लागलं, पण आईंशी गट्टी जमायला आठवडाही लागला नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून लग्नाआधी मी एका कारखान्यात फिक्श्चरची डिझाईनं करत होते. फिक्श्चर म्हणजे ओतीव लोखंडाचा तुकडा यंत्रावर हलू न देता धरून ठेवणारी पकड. पोळी लाटताना पोळपाट सरकू नये म्हणून आपण खाली ओलं फडकं घालतो, तसलंच हे काम, फक्त इथं केसाएवढंही सरकून चालत नाही. प्रत्येक तुकड्याचा आकार वेगळा, म्हणून प्रत्येकाची पकडही वेगळी करावी लागते.

लग्नानंतर माझा संगणक जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला आला. दुसऱ्या टोकाला आई मटार सोलायच्या नाहीतर लसूण, आणि डोळे माझ्या पडद्यावर. मी मॉडेल फिरवलं की म्हणायच्या, "अजून जरा फिरव बघू, मागनं कसं दिसतंय." क्लॅम्प कुठे कटरला धडकत असला की सॉफ्टवेअर तेवढा भाग लाल दाखवतं. ते माझ्याआधी त्यांना दिसायचं. "तांबडं झालं, चुकलं बघ तुझं," म्हणायच्या आणि पुढचा मटार सोलायला घ्यायच्या.

पण मी काढलेलं एकही फिक्श्चर तोवर लोखंडात उतरलं नव्हतं. आमच्या शेडला वर एक खोली होती, लाकडी जिन्याची. तिथं आप्पांचा ड्रॉइंग बोर्ड, आणि त्यावर आप्पा सोडून कुणी पेन्सिल टेकवायची नाही. माझे यजमान हेमंत गावोगावच्या लोखंड ओतणाऱ्या फौंड्र्या फिरून कामं आणायचे, आप्पा ती वरच्या खोलीत कागदावर उतरवायचे, आणि मी घरी सराव म्हणून तीच कामं संगणकावर काढून बघायची. ते कुणाला दाखवायची हिंमत नव्हती. खोटं कशाला सांगू, मला ती खोली हवी होती. नाशिकला माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, सोडून दिलंस का काम, आणि मी विषय बदलायची.

मग आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, आणि नेमकं त्याच वेळी ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सच्या झाकणाचं काम आलं. डोळ्यावर पट्टी असलेला माणूस रेघ कशी ओढणार? आईंनी जेवता जेवता विषय काढला.

"घरात शिकलेली पोरगी बसलीय आणि तुम्ही पुण्यात माणूस हुडकताय."

आप्पांनी भातावर आमटी ओतून घेतली. मग म्हणाले, करू दे. ट्रायल पास झाली तर वरच्या खोलीत हिचंही टेबल लावू. नाही झाली तर पुण्याच्या डिझाईनवाल्याला कायमचं काम द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. आप्पा चिडून बोलणारे नव्हते, पण बोललेलं फिरवणारेही नव्हते.

म्हणून त्या सकाळी टेबलावरचं ते फिक्श्चर मी पुन्हा पुन्हा बघत होते. जाड पाट, त्यावर झाकण टेकायला तीन गोल पॅड, बाजूनं तीन क्लॅम्प. पॅड घासून आरशासारखे चकचकीत केलेले. आईंनी वाकून हात जोडले आणि कुंकवात बोट बुडवलं. तेवढ्यात बाहेर शेजारच्या शेडचे लोक प्रसादाला आले म्हणून मी पेढे घेऊन तिकडे गेले.

दसरा झाला, आणि दुसऱ्या दिवशी ट्रायल. ट्रॅक्टर कंपनीचे शेंडगे साहेब तपासायला आले होते. धाकटीवर आमचा दस्तगीर होता, आप्पांच्या हाताखाली तयार झालेला, बोलायला कमी आणि हाताला सरळ. त्यानं हवा मारून किस उडवला, झाकण बसवलं, क्लॅम्प आवळले. कटर फिरला. माझा जीव त्या काचेच्या दाराला चिकटला होता.

झाकण निघालं. शेंडगे साहेबांनी ते ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवून वरून उंची मोजणारा डायल फिरवला. काटा एका बाजूला सरळ चालला आणि दुसऱ्या बाजूला सरसर चढला.

"मॅडम, झाकण कललंय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. तयार झालं की कळवा, असं सांगून ते निघून गेले.

मी घरून आणलेली प्रिंट उघडली. मापं पुन्हा तपासली, पॅडची उंची तपासली, सगळं बरोबर. मग झाकणाखालची जागा बघायला वाकले, आणि एका पॅडवर मला लाल दिसलं. कुंकू वाळून पापडी झालेलं, त्यात अक्षतांचे दाणे, दाबून पीठ झालेले, पण पोलादाला घट्ट चिकटलेले. बाकीचे दोन पॅड स्वच्छ. आईंनी एकाच पॅडला टिळा लावला होता, आणि झाकण नेमकं तेवढंच उचललं गेलं होतं.

दस्तगीर माझ्या मागे उभा होता.

"तुला दिसलं होतं?" मी विचारलं.

"दिसलं हुतं, वैनी," तो म्हणाला. "हवा मारली, निघालं न्हाई. फडकं हातात घेतलं हुतं. पन काकींनी देवाचं म्हणून लावलेलं, त्ये मी कसं पुसू?"

त्याला काय बोलणार? आमच्या गल्लीतला कुठला कामगार पुसेल ते? खरं सांगायचं तर मलाही ते पुसताना क्षणभर हात जड झाला. मी पुसलं. मनातल्या मनात देवीची माफी मागितली. दुसरं झाकण चढवलं. या वेळी डायलचा काटा जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. माझं डिझाईन अगदी बरोबर होतं, आणि हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

इथं आनंद व्हायला हवा होता. पण आप्पांचा आणखी एक नियम होता. काम बिघडलं तर ते कुणावर ओरडत नसत, कारण मात्र सांगावं लागायचं. कारण न सांगता सुधारलेलं काम त्यांना बिघडलेल्या कामापेक्षा वाईट वाटे. म्हणजे आता मला घरी जाऊन कारण सांगायचं होतं. खरं कारण सांगितलं की वरची खोली माझी. आणि आईंचा दसरा गेला, कारण ज्या माणसानं लोखंडाच्या किसापायी बायकोला वर्षभर शेडबाहेर ठेवलं, तो ट्रायल बिघडवणारी पूजा कशी चालू ठेवेल? रिक्षात बसून घरी जाताना मी स्वतःला खूप समजावलं. तू चूक केलेली नाहीस, मग चूक अंगावर का घेतेस? सरळ हिशोब होता, आणि घरी पोचेपर्यंत तो मला पटलाही होता.

घरी आप्पा आरामखुर्चीत मान मागे टाकून बसलेले, आणि आई पट्टी उचलून त्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत होत्या.

"झाली का पास?" आईंनीच विचारलं. त्यांचा चेहरा एवढा उजळलेला होता की मला आधी त्यांच्याकडेच बघवेना.

"नाही. झाकण कललं."

"कारण?" आप्पा डोळे मिटूनच म्हणाले.

आईंच्या हातात ती औषधाची बाटली होती, आणि एका बोटाच्या पेरात अजून परवाचं कुंकू बसलेलं होतं. माझा सगळा हिशोब तिथंच संपला.

"पॅडची रचना चुकली," मी म्हटलं. "पॅड मोठे आणि सपाट केले मी. त्यावर घाण अडकून राहते. बारीक खाच पाडली असती तर खाली पडली असती. मी सुधारून देते."

"घाण अडकती हे ध्येनात यायला पायजे हुतं."

"हो."

"पडद्यावर घाण नसती, म्हणून हे हुतंय," आप्पा म्हणाले. "बरं. सुधार ते, आणि काम पार पाड. पण पुण्याच्या माणसाला मी सोमवारी बोलवतो."

आईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "पहिल्या येळंला तुमची तरी कुठं भाकरी गोल झाली हुती?" त्या आप्पांना म्हणाल्या. मग मला आत घेऊन गेल्या, चहा टाकला, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला रडू फुटलं. खोली गेली म्हणून रडले की त्या पाठीवरच्या हातामुळे, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा संगणक उघडला. पॅडला खाचा पाडल्या, ते काम लगेच झालं. पण आप्पांना सांगितलेलं कारण अर्धंच होतं, हे मला माहीत होतं. पुढच्या खंडेनवमीला पूजा ही होणारच, आणि आई टिळा लावणारच. समोर आई गवारीच्या शेंगा मोडत होत्या.

"आई," मी विचारलं, "टिळा कुठे लावायचा ते तुम्ही कसं ठरवता?"

"माणसाला कपाळ असतंय, बैलाला असतंय," त्या म्हणाल्या. "ह्या लोखंडाचं कपाळ कुठलं ते काय कळतंय? मग जे गोल आणि चकचकीत दिसंल तिथं लावतो मी."

मी पाटाच्या पुढच्या बाजूला, कटर, क्लॅम्प, झाकण यांतलं काहीही जिथं पोचणार नाही अशा जागी एक वर्तुळ काढलं आणि माउसनं वर ओढलं. बंद्या रुपयाएवढी गोल चकती उभी राहिली. मॉडेल वळवून मी पडदा त्यांच्याकडे केला.

"हे याचं कपाळ. यापुढे टिळा इथं लावायचा."

आईंनी शेंगा बाजूला ठेवल्या, हात पदराला पुसले आणि पडद्याच्या अगदी जवळ येऊन बघितलं.

"एवढी वर्षं कुणाला सुचलं न्हाई," त्या म्हणाल्या. "जरा मोठं कर की. अक्षता राहिल्या पायजेत."

मी मोठं केलं. त्यानंतर आजवर आमच्याकडून जी फिक्श्चरं गेली, त्या सगळ्यांवर ही चकती आहे. गिऱ्हाईकं विचारतात, हे कशाला? मी सांगते, आमच्याकडची पद्धत आहे. त्यात काही खोटंही नाही.

पॅडला खाचा पाडून घेतल्या आणि चकती लेथवर कातून पाटावर स्क्रूनं बसवली. आप्पांचा नियम जरा वाकवून मी आईंना शेडमध्ये आणलं, त्यांनी ऐटीत कपाळावर टिळा लावला, आणि शेंडगे साहेबांच्या समोर लागोपाठ सगळी झाकणं पास झाली. साहेब पेढा खाऊन गेले. मला बरं वाटलं, पण ते कडेकडेनं. सोमवार जवळ आला होता.

सोमवारी सकाळी आप्पा हिरवा चष्मा लावून शेडमध्ये आले. पट्टी निघाली होती, पण जवळचं अजून धूसरच दिसत होतं. पुण्याचा माणूस दुपारी येणार होता, त्याआधी त्यांना फिक्श्चर बघायचं होतं. बघायचं म्हणजे हातानं. त्यांनी पॅडवर बोटं फिरवली, खाचांतून नख ओढलं, क्लॅम्प उघडमिट करून पाहिले. दस्तगीर आणि मी बाजूला उभे. आप्पा मान हलवत होते, आणि मला काही विचारायची सोय नव्हती.

मग त्यांचा हात त्या चकतीवर आला.

"हे काय? इथं काय टेकत न्हाई."

"नाही टेकत," मी म्हटलं.

"मग कशाला काढलंयस?"

तेवढ्यात त्यांनी बोट वर करून चष्म्याशी नेलं. बोटाला लाल लागलेलं होतं, एक अक्षता चिकटलेली. त्यांनी ते बोट अंगठ्यावर घासलं. मग परत पॅडवर हात ठेवला, पॅडपासून चकतीपर्यंत बोटांनी अंतर चाचपलं, आणि तसेच थांबले.

"दस्तगीर, चहा सांग जा," ते म्हणाले. तो गेल्यावर त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले.

"घाण म्हणालीस ती ही हुती? मला वाटलं, किस असंल."

मी मान हलवली. त्यांना दिसलं नसेल म्हणून मग "हो" म्हटलं.

"कवा कळलं?"

"त्याच दिवशी. पुसल्यावर दुसरं झाकण बरोबर निघालं."

"मग माझ्या तोंडावर डिझाईन चुकलं का म्हणालीस? खोली गेली हुती की तुझी."

"आई वर्षातून एकदाच इथं येतात," मी म्हटलं. "तुम्ही तेही बंद केलं असतं."

"मी?" आप्पा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ही शेड बांधली तवापासनं," ते हळू आवाजात म्हणाले, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी येतोय. रॉकेलचं फडकं घिऊन. एकेक पॅड, लेथच्या चकचा एकेक जबडा. कुंकू, तांदूळ, फुलाच्या पाकळ्या. तुझ्या सासूला वाटतंय, मी देवाला नमस्कार कराय लवकर जातोय. यंदा डोळा बांधलेला. पडल्या पडल्या जीव वर-खाली हुत हुता, पण म्हटलं, पोरीच्या नशिबानं पॅडवर न्हाई लागलं तर बरं."

"मला सांगायचं ना, आप्पा. मी पुसलं असतं."

"आणि तू तिला सांगितलं असतंस तर? सुना सासवांच्या चुका हुडकत असत्यात, असं ऐकून हाय मी."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. ते बघायला त्यांना पुरेसं दिसत नव्हतं, हे बरंच झालं.

आप्पांनी खिशातून रुमाल काढला आणि बोटाचं कुंकू पुसायला निघाले, मग काय वाटलं कोण जाणे, ते बोट कपाळाला लावलं आणि रुमाल परत ठेवला.

"पुण्याच्या माणसाला फोन करून सांग, येऊ नको म्हणावं," ते म्हणाले. "हेमंतला सांग, वरच्या खोलीत दुसरं टेबल चढवायचंय. जिना अरुंद हाय, पाय सोडवून न्या. आणि संगणक आण. मटाराच्या टरफलात किती दिवस काम करणार?"

मी वाकून त्यांच्या पाया पडले, आणि ते संकोचून, राहू दे, राहू दे म्हणाले. मग स्टुलावरून उठता उठता थांबले.

"आणि एक. ह्यातलं काय तिच्या कानावर जाता कामा नये."

"कशातलं, आप्पा?" मी विचारलं.

आप्पांनी माझ्याकडे मान वळवली. मग एवढ्या मोठ्यानं हसले की चहाचे ग्लास घेऊन येणारा दस्तगीर दारातच थबकला.

"काय झालं, आप्पा?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई," आप्पा म्हणाले, आणि मीही म्हणाले, "काही नाही."